मधला माणूस

रत्नागिरीकडच्या किंवा साताऱ्याकडच्या घरात मागच्या पिढ्यांबद्दल विचारलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'मामांनी गिरणीत चिकटवलं.' या वाक्याचं व्याकरण पाहण्यासारखं आहे. ज्याला नोकरी लागली तो मुलगा वाक्यात कर्म होऊन बसलाय आणि कर्ता आहे मामा. आज आपण म्हणतो, 'त्याला नोकरी मिळत नाही.' या वाक्यातून मामा गायब झाला आहे. शाळा सुटते तिथून पहिला पगार हातात पडतो तिथपर्यंतची वाट हा या प्रकरणाचा विषय. ती वाट समजून घ्यायची, तर आधी हा मामा कोण होता ते पाहायला हवं.

जॉबर

कोकणातून बोटीने आलेला पोरगा भाऊच्या धक्क्यावर उतरायचा, घाटावरचा रेल्वेने यायचा. लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत गावकऱ्यांची खोली असे. तिथे वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं आणि कामासाठी जॉबरकडे जायचं. जॉबर हा मुळात कामगारच, पण खात्यातला वजनदार. माणसं भरायची, त्यांच्यावर देखरेख ठेवायची, रजा द्यायची आणि मनात आलं तर काढूनही टाकायचं, एवढे अधिकार त्याच्या हातात. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. मालकाला आपल्या गिरणीत कोण काम करतं हे ठाऊक नसलं तरी चाले. जॉबरला ठाऊक असे.

जॉबरला दोन्हीकडे तोंड दाखवायचं होतं. त्याने आणलेला पोरगा कामात कच्चा निघाला, तर गिरणीत त्याची पत जायची. पोरगा मुंबईत उपाशी राहिला, तर गावात त्याची पत जायची. म्हणून नवा मुलगा बहुधा गाववाल्याच्याच शेजारी उभा राहायचा आणि तुटलेला धागा सांधायला त्याच्याकडूनच शिकायचा. या शिक्षणाला ना वर्ग होता, ना प्रमाणपत्र. कारखान्यात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला लागतं ते मात्र त्यात बरंचसं होतं : राहायला जागा, उधारीवर जेवण, ओळखीचा चेहरा आणि चुकलं तर ओरडणारा पण हाकलून न देणारा कोणीतरी.

या गोष्टीची दुसरी बाजू कडू आहे. जॉबर दस्तुरी घेई, म्हणजे नोकरीला लावण्याचे आणि नोकरीत टिकू देण्याचे पैसे. आणि ज्याला मामा नाही, त्याला वाट नाही. साचेखात्यात, म्हणजे मागावरच्या विभागात, मजुरी चांगली होती. पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. धोट्याचं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ वाटे, हे त्याचं कारण. गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. ओळखीच्या वाटेवर ओळखीची माणसंच चालतात.

१९३१ मध्ये कामगारविषयक शाही आयोगाने जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमा, असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डाची पद्धत आली. महिन्याच्या सुरुवातीला निवडक लोकांना कार्ड मिळे. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर व्हायचं. त्या दिवशी कोणी गैरहजर असेल, तर त्याच्या जागी काम. हळूहळू ओळखीची जागा कागद घेऊ लागला.

दोन अर्थांचा 'जॉब'

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा कागद पक्का केला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, उभी राहिली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी कोणाच्याही चिठ्ठीशिवाय, गुणांवर इथे प्रवेश घेऊ शकते. ज्याला मामा नव्हता त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि आजही आहे.

फिटर ट्रेडचे सुरुवातीचे आठवडे ज्याने काढलेत तो ते विसरत नाही. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारायची, मग गुण्या लावून उजेडाकडे पाहायचं. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला, की पुन्हा कानस. या तुकड्याला आयटीआयमध्ये 'जॉब' म्हणतात. 'जॉब झाला का?' असं निदेशक विचारतात, तेव्हा तो प्रश्न नोकरीचा नसतो. बाहेर पडल्यावर तोच शब्द नोकरीसाठी वापरला जातो. या प्रकरणाला मोजायचंय ते अंतर या दोन 'जॉब'च्या मधलं आहे.

ते अंतर भरून काढायला १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. आपण सगळे त्याला 'अप्रेंटिस' म्हणतो. कल्पना सरळ होती : शाळेत शिकवता येत नाही ते कारखान्यात शिकवा, आणि ते शिकवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाका. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. दोघांत लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवारासाठी महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ते दुसऱ्या वर्षी दहा टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्क्यांनी वाढतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं.

कायद्यात काळजी घेतलेली दिसते. शिकाऊ उमेदवाराला कामगार धरलं जात नाही, पण सुरक्षा आणि आरोग्याचे नियम त्यालाही लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईही आहे. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून जादा तास करून घेता येत नाहीत. पूर्वी कायदा मोडणाऱ्या मालकाला तुरुंगवासाचीही तरतूद होती. २०१४ मध्ये ती काढली गेली आणि दंड आला : कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, त्यानंतर १,०००. दंड आणि विद्यावेतन यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. उमेदवार घेऊन सात हजार देण्यापेक्षा न घेता हजार भरणं स्वस्त पडतं, हे कळायला हिशेबनीस लागत नाही.

खरी अडचण मात्र आकड्यांच्याही पलीकडे आहे. समजा, जुन्नर तालुक्यातला एक मुलगा फिटर होऊन चाकणला अप्रेंटिस लागला. सात हजारांना सव्वीस दिवसांनी भागलं, तर दिवसाला २६९ रुपये होतात. त्यात चौघांत घेतलेली खोली, डबा आणि गावी जाण्याचं भाडं. पहिल्या पाळीसाठी पहाटे उठायचं, सेफ्टी शूज घालून आठ तास उभं राहायचं, ज्याची आयटीआयमध्ये फक्त चित्रं पाहिली ते मशीन समोर, आणि शेजारी ठेकेदाराचा हेल्पर, ज्याला या मुलाला शिकवण्याचं काहीच कारण नाही. काही ठिकाणी त्याला खरंच शिकवतात. काही ठिकाणी मात्र वर्षभर एकाच जागी माल उचलायला लावतात, कारण स्वस्तातला हात मिळालाय. कायद्याने करार दिला, पैसे दिले, कागद दिला. त्या पोराजवळ कोणी उभं राहायचं, ते मात्र ठरवलं नाही. मुलगी असेल, तर रात्रपाळी, शेवटची एसटी आणि घरच्यांची काळजी हे प्रश्न आणखी वाढतात. त्यांची उत्तरं कुठल्याही करारात सापडत नाहीत.

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैशांची गरज होतीच. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. वाट तिकीटघरापाशीच संपत होती.

जपानमधले वर्गशिक्षक

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या ईशान्येकडच्या गरीब खेड्यांतून माध्यमिक शाळा संपवलेली पंधरा वर्षांची मुलं-मुली टोकियोला जायची. त्यांच्यासाठी खास गाड्या सुटायच्या. १९५४ पासून दोन दशकं या गाड्या आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्थानकात येत राहिल्या. कारखान्यांना ही मुलं इतकी हवी होती, की त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. भाऊचा धक्का आणि उएनो यांच्यात एक फरक होता : इथे मुलं जमवायचा जॉबर, तिथे शाळा आणि सरकारी रोजगार कार्यालय.

ही रीत तिथल्या हायस्कुलांत आजही आहे. कंपन्या आपल्या रिकाम्या जागा रोजगार कार्यालयामार्फत शाळांना कळवतात. वर्गशिक्षक मुलाशी बोलतात, घरच्यांशी बोलतात आणि शाळा त्याची शिफारस करते. सुरुवातीला एका मुलाने एकाच कंपनीत अर्ज करायचा, असा रिवाज आहे. सप्टेंबरमध्ये अर्ज आणि परीक्षा होतात. मार्चमध्ये शाळा संपते आणि एप्रिलमध्ये मुलगा कामावर. मध्ये एकही रिकामा महिना नाही. शाळा आणि कंपनी यांची वर्षानुवर्षांची ओळख असल्यामुळे शिक्षकाच्या शब्दाला वजन येतं. वाईट मुलगा पाठवला तर पुढच्या वर्षी जागा जाते, वाईट कंपनी निघाली तर पुढच्या वर्षी मुलगा मिळत नाही. दस्तुरी न घेणारा जॉबर म्हणावा असा हा वर्गशिक्षक.

पण याचा हात कंपनीच्या दारापर्यंतच पोचतो. तिथे 'सात-पाच-तीन' असा एक वाक्प्रचार रूढ झाला आहे. मूळ शब्द लहान मुलांच्या एका सणाचा. ढोबळ हिशेबाने माध्यमिक शाळेतून थेट कामावर गेलेल्यांपैकी दहातले सात, हायस्कूल झालेल्यांपैकी पाच आणि पदवीधरांपैकी तीन जण पहिली नोकरी तीन वर्षांच्या आत सोडतात, असं तो सांगतो. शिवाय १९९० नंतर अर्थव्यवस्था मंदावली, तेव्हा हायस्कूलच्या मुलांना बोलावणं येणंच कमी झालं. पाठवणारा कितीही चांगला असला, तरी घेणाऱ्या बाजूला कोणी नसेल तर मुलगा पुन्हा एकटा.

शिकवणाऱ्याचीही परीक्षा

घेणाऱ्या बाजूचा विचार सगळ्यांत बारकाईने जर्मनीने केला आहे. तिथली 'दुहेरी' पद्धत प्रसिद्ध आहे : आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, असं दोन ते साडेतीन वर्षं. मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेच्या आसपास आहेत. बेकरी, दाढी-केस, बँक, मेकॅट्रॉनिक्स, सगळं त्यात आलं. म्युनिकमध्ये गेओर्ग केर्शेनश्टायनर यांनी १९०० च्या सुमारास व्यवसाय शाळांची घडी बसवली आणि १९६९ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. महाराष्ट्राला हे प्रकरण अगदी परकं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये किंवा चाकणच्या जर्मन कारखान्यांत काम केलेल्यांना त्याचा वास ठाऊक आहे.

या पद्धतीबद्दल बोलताना आपण बहुधा आठवड्याचं वेळापत्रक सांगतो. मला महत्त्वाचे वाटतात दोन छोटे नियम. पहिला असा की, शिकाऊ मुलगा कामाची वही ठेवतो. काय केलं, काय शिकलो, हे त्यात लिहितो आणि प्रशिक्षक ती तपासून सही करतो. दुसरा असा की, कंपनीत मुलांना शिकवणाऱ्या माणसाने शिकवण्याची स्वतंत्र परीक्षा दिलेली असावी लागते. उत्तम फिटर असणं पुरेसं नाही; नवख्याला काम समजावून सांगता येतं, हे सिद्ध करावं लागतं. २००३ मध्ये ही अट स्थगित केली गेली. परीक्षेची कटकट नसेल तर अधिक कंपन्या मुलं घेतील, असा विचार होता. प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दल तक्रारी वाढल्या आणि २००९ मध्ये अट परत आली. एका देशाने सहा वर्षं करून पाहिलेला हा प्रयोग आपल्याला फुकटात मिळालेला धडा आहे.

जर्मनीचं सगळंच घ्यावं असं नाही. तिथे बहुतेक ठिकाणी चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. दहाव्या वर्षी 'हा हाताने काम करणार' असं ठरवून टाकणं, हे जातीने काम ठरवणाऱ्या समाजाने तर मुळीच उचलू नये.

पाबळचं गिऱ्हाईक

पुणे जिल्ह्यातलं पाबळ हे शिरूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या जागेवर काम केलेले हे अन्नशास्त्रज्ञ पन्नाशी उलटल्यावर खेड्यात आले. नोकऱ्या वाटायचा त्यांचा विचार नव्हता. शाळेच्या आत काम आणून ठेवायचं होतं.

आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम. त्याचे चार विभाग : कार्यशाळा, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रोपवाटिका, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. हा विषय पुढे 'आयबीटी' (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) म्हणून राज्याच्या माध्यमिक मंडळाने मान्य केला आणि इतर शाळांतही पोचला. शाळा सोडलेल्यांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही आहे. एकाच ट्रेडवर जगण्याइतकं काम खेड्यात नसतं, म्हणून एका माणसाला चार कामं यायला हवीत, हा कलबागांचा हिशेब होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली 'फॅब लॅब' याच गावात उभी राहिली.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यात हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' प्रत्यक्षात आणलं. पाबळने त्यात भर घातली ती गिऱ्हाइकाची. मुलांनी बनवलेल्या वस्तू प्रदर्शनात ठेवून टाळ्या घेण्यापुरत्या नव्हत्या. गावातल्या माणसाचं काम घ्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे. लोखंडी फाटक करून दिलं आणि ते लागलं नाही, तर गाववाला परत येतो. वर्गात चूक झाली की एक गुण जातो. इथे चूक झाली की फाटक खाली उतरवून पुन्हा कापावं लागतं. चौदाव्या वर्षी हे एकदा घडलं, की कामाची पहिली भीती शाळेतच मोडते.

आठवड्यातल्या एका दिवसात कोणी पट्टीचा वेल्डर होत नाही, हे उघड आहे. तो हेतूही नाही. मुलगा पुढे डॉक्टर झाला तरी त्याला वेल्डरच्या कामाची किंमत कळलेली असते, आणि वेल्डर झाला तर आयटीआयच्या दारात तो कोरा येत नाही.

पहिलं वर्ष

आता पाचही गोष्टी एकत्र ठेवू. जॉबर दोन्ही बाजूंना बांधलेला होता, पण पैसे खाई आणि जात पाही. कायदा सगळ्यांना सारखा, पण त्याला हात-पाय नाहीत. जपानचा शिक्षक दारापर्यंत सोडतो. जर्मनीचा प्रशिक्षक दाराच्या आत उभा आहे. पाबळमध्ये दार शाळेच्या अंगणातच आणलं आहे. हवा आहे तो मधला माणूस, म्हणजे ज्याला मुलाचं घर माहीत आहे आणि कारखान्याचं खातंही माहीत आहे. नेमणूक उघड असावी, पगार ठरलेला असावा, आणि त्याच्या यादीत कोणाचा भाचा आहे हे पाहून नाव पुढे जाऊ नये.

त्याचं काम फार मोठं नाही, पण ते वेळेवर व्हायला लागतं. रुजू होण्याआधी मुलाला एकदा खातं दाखवून आणायचं. खोली कुठे मिळते, डबा कोण देतो, बस किती वाजता, हे सांगायचं. विद्यावेतन खात्यात जमा झालं का, ते विचारायचं. सुपरवायझरशी पहिलं भांडण झालं, की फोन उचलायचा. नोकरी सोडण्याचा निर्णय बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी होतो. तीन महिन्यांनी कारखान्यात जाऊन मुलगा अजून माल उचलतोय की मशीनवर आलाय, ते पाहायचं. आणि परत येऊन निदेशकांना सांगायचं, की आपण शिकवतो ते मशीन तिथे आता कोणी वापरत नाही. हा शेवटचा फेरा सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि कदाचित सगळ्यांत उपयोगी.

कागदावर हे मोजायचं, तर मोजपट्टी बदलावी लागेल. रोजगार मेळाव्यात किती नेमणूकपत्रं वाटली, हा आकडा फोटोसाठी ठीक. मागच्या वर्षी पाठवलेल्यांपैकी आज किती जण कामावर आहेत आणि जे नाहीत ते का नाहीत, हा आकडा ज्या संस्थेला सांगता येतो तिथे मधला माणूस आहे असं समजावं, मग त्याचं पद काहीही असो.

असं पद सगळीकडे मंजूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक आयटीआयच्या मागच्या तुकडीतली चार-दोन मुलं आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत टिकलेली असतात. कँटीन कुठे आहे, कोणता सुपरवायझर शिकवतो, हेल्मेट कुठून घ्यायचं, हे त्यांना ठाऊक असतं. निदेशकांनी त्यांना एका शनिवारी बोलावून नव्या तुकडीसमोर बसवलं, प्रत्येकाला दोन-दोन नावं दिली आणि वर्षभर त्यांची खबर ठेवायला सांगितलं, तर त्याला कुठल्याही योजनेची मंजुरी लागत नाही. नावं द्यायची ती हजेरीपटावरून, गावावरून नाही. मग पुढच्या वर्षी त्या मुलांपैकी कोणी घरी सांगेल, 'या वर्षी मी दोघांना लावलं.' वाक्य तेच, फक्त कर्माचा कर्ता झालेला असेल.